उजेडाचा फळा : माल ओळखूनच घ्या

आम्ही उर्दू शाळेत होतो तेव्हा मास्तर फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहीत. हात उजवाच, त्यामुळे लिहिलेली ओळ त्यांच्याच दंडाआड जाई. मास्तर बाजूला होईपर्यंत मागच्या बाकावरच्यांनी वाट पाहायची. ही अडचण दूर करणारा एक फळा आता निघाला आहे. त्यात धंदाही आहे आणि फसगतही, म्हणून व्यापारी बांधवांसाठी चार शब्द.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल पेश्किन यांनी २०१३ च्या सुमारास असा 'लाइटबोर्ड' तयार केला आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. उभी, जाड, पारदर्शक काच. तिच्या कडेला एलईडी पट्टी. कडेतून शिरलेला उजेड काचेच्या आतच खेळत राहतो आणि जिथे शाई लागली तिथेच बाहेर पडतो. म्हणून फ्लोरोसंट मार्करची अक्षरे अंधारात चमकतात. शिक्षक काचेमागे उभा राहून लिहितो, समोरून कॅमेरा टिपतो. शिक्षकाचा चेहराही दिसतो आणि प्रत्येक अक्षरही.

मात्र समोरून पाहणाऱ्याला अक्षरे उलटी दिसतात. म्हणून चित्र कॅमेऱ्यात किंवा संगणकावर डावे-उजवे पालटून घ्यावे लागते. उर्दू असो की मराठी, मग लिखाण सरळ होते. याचा अर्थ हा फळा वर्गात मांडून पुढे मुले बसवण्याचा नाही. तो चित्रीकरणाचा आहे.

इथेच फसगत होते. ओळखीच्या एका क्लासचालकाने 'लाइटचा बोर्ड' मागवला. आला तो हॉटेलच्या दारात मेनू लिहिण्याचा, मागून काळा, रंग बदलणारा. माल परत गेला नाही, पैसे अडकले. दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत, हे विकणाऱ्याने सांगावे आणि घेणाऱ्याने विचारावे.

बनवण्याचे सामान आपल्याच बाजारात आहे. १२ व्होल्टची एलईडी पट्टी लोहार चाळीत मिळते. चौकट अॅल्युमिनियमचे काम करणारा कारागीर करून देतो. काच १० ते १२ मिलिमीटर जाडीची, टफन्ड आणि कडा पॉलिश केलेली असावी. माप आणि भोके आधीच ठरवा. टफन केल्यावर काच कापता येत नाही. साध्या काचेत हिरवट झाक असते, म्हणून कमी लोहाची काच उत्तम. अॅक्रिलिक हलके, पण पुसून पुसून ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा चमकतो. ६ बाय ४ फुटांची १० मिलिमीटरची काच सुमारे ५६ किलो भरते, तेव्हा पाया मजबूत हवा.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. मागे काळा पडदा लागतो. सॅटिन नको, ते चमकते. मखमल किंवा जाड, बिनचमकीचे सुती कापड घ्यावे. शिक्षकाचा कपडा साधा, गडद रंगाचा असावा. पांढऱ्या कुर्त्यावर अक्षरे बुडतात आणि निव्वळ काळा कपडा पडद्यात मिसळतो. खिशावर नाव असेल तर ते उलटे दिसेल. चित्र पालटल्यावर पुरुषाच्या शर्टाची पट्टीही बायकांच्या शर्टासारखी दिसते. कापडवाल्याच्या नजरेतून ते सुटत नाही!

प्रत्येक शाळेने असा फळा घेण्याची गरज नाही. गावातील एखाद्या संस्थेने एक अंधारी खोली, एक फळा आणि एक कॅमेरा ठेवावा व शिक्षकांना तासावर द्यावा. उर्दू माध्यमात दहावीचे विज्ञान चांगले शिकवणारा शिक्षक प्रत्येक गावाला लाभत नाही. पण जिथे असा एक आहे, तिथला धडा दहा गावांतील मुलांपर्यंत जाऊ शकतो. कारागिराला काम, संस्थेला भाडे आणि मुलांना तालीम. ज्या सौद्यात तिघांचे भले आहे, त्यात बरकत आहे.