तेरा महिन्यांच्या मुलखात

मुंबईहून निघालेले विमान सहाएक तासांत अदिस अबाबाला उतरते आणि प्रवासी एकदम सात वर्षांनी तरुण होतो. ही थट्टा नव्हे. २०२२ च्या डिसेंबरात मी इथिओपियात गेलो, तेव्हा तेथे २०१५ साल चालू होते! त्यांचे नवे वर्ष ११ सप्टेंबरला, क्वचित १२ ला लागते. महिने तेरा. पहिले बारा सरळ तीस-तीस दिवसांचे आणि उरलेल्या पाच दिवसांचा, लीप वर्षी सहांचा, 'पागुमे' नावाचा तेरावा. आपला अधिक मास निदान दोन-तीन वर्षे उसंत देतो. हा पाहुणा दरसाल हजर!

मी काही देशाटनाला गेलो नव्हतो. कोल्हापूरकडच्या एका लहानशा कारखान्याचे पाण्याचे पंप खपवणे हा माझा उद्योग. तेथल्या मेरकातो नावाच्या अवाढव्य बाजारपेठेतील एक व्यापारी वर्षभर पत्रव्यवहार करीत होते. त्यांना दोनशे पंप हवे होते. माल पसंत, दर पसंत, आणि तरीही सौदा काही पुढे सरकत नव्हता. का, ते पाहून या, म्हणून मालकांनी मला धाडले. निघताना बजावले, "बँकेची हमी हातात आल्याशिवाय एक नटबोल्टसुद्धा उधार नाही!"

आफ्रिका म्हणजे उकाडा अशी आपली समजूत. अदिस अबाबा महाबळेश्वराहूनही सुमारे हजार मीटर उंच आहे. डिसेंबरातली पहाट तेथे स्वेटरावाचून निभत नाही. यजमानांचा निरोप हॉटेलात येऊन पडला होता: 'उद्या तीन वाजता भेटू.' हॉटेलच्या कारकुनाने तो वाचून दाखवला आणि हसून विचारले, "हबेशा तीन की फरेंज तीन?"

हबेशा म्हणजे ते स्वतः. आपण ज्यांना हबशी म्हणत आलो, तेच. ज्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, वसवले, तो मलिक अंबर मूळचा याच मुलखातला. आणि फरेंज म्हणजे परदेशी; आपला फिरंगी! एवढ्या दूर येऊन आपण फिरंगी ठरलो, याची मला मोठी मौज वाटली.

वेळेचा हिशेब असा. त्यांचे घड्याळ सूर्योदयापासून चालते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तेव्हा त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. देश विषुववृत्ताजवळ, त्यामुळे सूर्य बारा महिने, चुकलो, तेरा महिने, जवळजवळ ठरल्या वेळी उगवतो आणि हा हिशेब बिनबोभाट चालतो. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना तो खचित पटला असता.

दुकानांच्या पाट्या पाहिल्या तर लिपी अगदी अनोळखी. पण नीट पाहता ध्यानात येते की, एकेक व्यंजन सात स्वरांबरोबर सात रूपे घेते. बाराखडी नव्हे, सातखडी म्हणा. आडनाव नावाची वस्तूच नाही. स्वतःचे नाव, पुढे वडिलांचे नाव, संपले. मोठ्या पदाच्या माणसालाही 'आतो', म्हणजे श्रीयुत, लावून त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारायची.

जेवणाची मात्र घरी फार काळजी होती. सौभाग्यवतींनी मेतकुटापासून लाडवांपर्यंत सगळे बांधून दिले होते. ते बरेचसे तसेच परत आले! कारण त्यांचा नाताळ येतो ७ जानेवारीला आणि त्याआधीचे चाळीसहून अधिक दिवस सनातनी ख्रिस्ती मंडळींचा उपास असतो. उपास म्हणजे मांस नाही, अंडे नाही, दूध-तूपसुद्धा नाही. डाळी आणि भाज्या मात्र चालतात. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली इंजेरा ही आपल्या आंबोळीची थोरली बहीण, फक्त परातीएवढी. तिच्यावर वाढलेले 'शिरो' म्हणजे झणझणीत पिठलेच.

एकाच ताटात सर्वांनी जेवायचे, हे मात्र मला जड गेले. आमच्या घरी उष्ट्याखरकट्याचे केवढे प्रस्थ! तेवढ्यात यजमानीणबाईंनी एक भला मोठा घास करून माझ्या तोंडासमोर धरला. याला 'गुर्शा' म्हणतात. तो नाकारणे म्हणजे प्रेम नाकारणे. आईनंतर असा घास मला कोणी भरवला नव्हता. मी मुकाट्याने आ केला.

मग कॉफी. अरेबिका कॉफीचे हे माहेर, त्यामुळे घाई नाही. जमिनीवर गवत अंथरले, ऊद जाळला. बाईंनी हिरव्या बिया धुऊन आमच्यासमोर भाजल्या, धुराचा वास घ्यायला तवा प्रत्येकापुढे फिरवला, बिया कुटल्या आणि 'जेबेना' या काळ्या मातीच्या सुरईत उकळल्या. कप तीन: अबोल, तोना, बरका. तिसरा आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठणे अशिष्टपणाचे.

दुसऱ्या कपाला यजमानांनी बँकेचे पत्र माझ्यापुढे ठेवले. बिर त्यांच्यापाशी भरपूर होते, डॉलर नव्हते. परकीय चलनासाठी आयातदारांची रांग, आणि हे त्या रांगेत कित्येक महिने उभे. (त्या सरकारने बिरचा भाव बाजारावर सोडला तो पुढे, जुलै २०२४ मध्ये.) "माल उधार द्या, असे मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "फक्त माझा नंबर येईपर्यंत दर वाढवू नका. वाढवलात तर मंजूर झालेले डॉलर अपुरे पडतील आणि मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाईन."

नंबर केव्हा येणार, हे कोणीच सांगू शकत नव्हते. दर बांधून देण्याचा अधिकार मला नव्हता. मी तेथूनच मालकांना फोन लावला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माणूस कसा आहे?"

मी म्हटले, "डॉलर नाहीत, हे स्वतः सांगणारा."

दर बांधला गेला. पुढे महिन्यामागून महिने गेले, कच्च्या मालाची बिले आली की मालक माझ्याकडे चष्म्यावरून पाहत आणि मी खिडकीबाहेर. अकराव्या महिन्यात बँकेची हमी आली. इथिओपियाला समुद्रकिनारा नाही, म्हणून पंप जिबूती बंदरात उतरून तेथून आगगाडीने वर डोंगरात गेले. नफा बेताचाच झाला. दुसरी मागणी आली तेव्हा दराची घासाघीस दोन्ही बाजूंनी कडाक्याने झाली, हेही सांगायला हवे.

निघताना बाईंनी दिलेल्या हिरव्या बिया सौभाग्यवतींनी एका रविवारी लोखंडी तव्यावर भाजल्या. धूर जिन्यात पसरला आणि शेजारचे गृहस्थ धावत आले, "अहो, काय जळतंय?" त्यांना पाटावर बसवले. तिसरा कप होईपर्यंत ते उठले नाहीत.