नाळ दोघींना, हिशेब वेगळा

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली बरीच मराठी कुटुंबे राहतात. गावाकडच्या वडा-पिंपळावर दिवसभर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळे त्यांच्या ओळखीची, आणि खंबातच्या आखातापासून कोकणापर्यंतच्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारी मुशी, म्हणजे छोटी शार्क, बाजारातली. वटवाघळाचे पंख पसरले की सव्वा मीटरच्या पुढे भरतात; ही मुशी जेमतेम हातभर. तरी दोन्हींच्या माद्या अंडी घालत नाहीत, गर्भाला नाळेतून पोसून जिवंत पिल्लू जन्माला घालतात. या मुशीचे, म्हणजे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत चिरलेल्या स्कोलिओडॉनचे अंडे मिलिमीटरभराचे आणि जवळपास बलकाशिवायचे असते. गर्भाची सगळी भिस्त आईवरच.

एवढी गुंतागुंतीची रचना दोनदा स्वतंत्रपणे कशी घडेल, म्हणजे नाते जवळचेच असणार, असे कुणीही म्हणेल. पण मुशीची नाळ बलकपिशवीपासून बनते, वटवाघळाची मुख्यतः गर्भाच्या दुसऱ्या आवरणांपासून. शिवाय शार्कमाशांच्या काही जाती आजही अंडी घालतात. दोन्ही घराण्यांच्या वाटा चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच फुटल्या आहेत. नाळ हा वंशाचा पुरावा नाही, अडचणीवरचा सारखा तोडगा आहे.

मग टिकून राहण्याचा हिशेब नाळेने ठरत नाही, पिल्लांच्या संख्येने ठरतो, आणि इथे आपला अंदाज चुकतो. शार्क म्हटले की मंद वाढ, थोडी पिल्ले. पण ही मुशी पाच-सहा महिन्यांत एका खेपेला डझनभर, कधी वीसपर्यंत पिल्ले देते आणि ती वर्षा-दोन वर्षांत वयात येतात. वटवाघळाची गर्भावस्थाही पाचेक महिन्यांचीच, पण पिल्लू बहुधा एकच. वटवाघूळ जगते दीर्घकाळ, बंदिवासात तीस वर्षांहून अधिक, हा आक्षेप खरा आहे. पण त्यामुळेच एक प्रौढ मादी गेली तर अनेक वर्षांची पिल्ले जातात. उलट मुशीला डझनभर पिल्ले म्हणून वाट्टेल तेवढी पकडा, असेही नाही: डोल नावाच्या जाळ्यात बारा-पंधरा सेंटीमीटरची नवजात पिल्लेच सापडली, तर भरभरून विणे फुकट जाते. तिथे जाळ्याची आस, म्हणजे छिद्रे, मोठी केली तर फरक पडू शकतो. फळखाऊ वटवाघळाची अडचण वेगळी: ते वन्यजीव कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने गेली. कायदा बदलला, तरी वस्तीचा जुना वड रस्तारुंदीत पडला तर शेकडो माद्यांचा आसरा एका दिवसात जातो, आणि पुढच्या हंगामात प्रत्येकीकडे बहुधा एकच पिल्लू असते.