चार खोकी, आठ खोकी

पवना धरणाच्या काठावर सकाळपासून पाऊस लागलाय. समोरचा तुंग किल्ला ढगात आहे, तिकोनाही नाही दिसत. सभागृहाच्या दाराशी ओल्या बुटांचा ढीग पडलाय. आत इथे मुक्कामाला आलेली एमबीएच्या पहिल्या वर्षाची मुलं चौघा-चौघांच्या गटानं लांब टेबलांवर बसली आहेत. प्रवेशाचे कॅप राउंड नुकते संपलेत, त्यामुळे शेजारी कोण बसलंय हे अजून कित्येकांना ठाऊक नाही. कालचा दिवस स्वागताच्या भाषणांत गेला. आज खेळ आहे.

प्रत्येक टेबलावर एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक आणि एक कारखानदार. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटानं १९६० च्या दशकात हा खेळ रचला. मुळात तो बिअरच्या खोक्यांचा; इथे बिस्किटं आहेत. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर मागणीचा आकडा लिहून पुढे सरकवायचा. चिठ्ठी पोचायला आणि माल यायला काही आठवडे, म्हणजे खेळाच्या काही फेऱ्या, जातात. गोदामात पडून राहिलेल्या खोक्यामागे आठवड्याला ५० पैसे खर्च, न पुरवलेल्या खोक्यामागे १ रुपया. सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ खोकी.

मी खिडकीजवळच्या टेबलामागे उभा आहे. दुकानदार लातूरची बीकॉम झालेली मुलगी. घाऊक व्यापारी सिव्हिल इंजिनिअर, दोन वर्षं साइटवर काम करून आलेला. वितरक फार्मसीचा. कारखाना निफाडकडच्या कृषी पदवीधराकडे. गिऱ्हाइकांच्या मागणीचे पत्ते पालथे ठेवलेत आणि ते फक्त दुकानदारानं बघायचेत.

पहिले चार आठवडे निवांत जातात. पाचव्याला ती पत्ता उचलते आणि तिच्या भुवया वर जातात. ती नेहमीपेक्षा जास्त खोकी मागवते. माल येत नाही. पुढच्या वेळी आणखी मागवते. इंजिनिअर तिची चिठ्ठी वाचतो, आपला रिकामा होत चाललेला साठा बघतो आणि वर चार खोकी जास्तीची लिहितो. वितरक त्यावर आपली भर घालतो. कारखान्यापर्यंत पोचेतो आकडा ४० झालेला असतो. निफाडचा मुलगा डोक्याला हात लावतो, पण उत्पादन वाढवतो. मग काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन थडकतो. इंजिनिअर मागणीच्या रकान्यात शून्य लिहितो, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य. कारखाना बसून.

छत्तिसाव्या आठवड्याला खेळ घेणाऱ्या मॅडम तो थांबवतात. "दुकानदार सोडून बाकीच्यांनी गिऱ्हाइकांच्या मागणीचा आलेख काढा. तुमच्या अंदाजानं." सगळीकडे डोंगर-दऱ्या उमटतात. मग लातूरची मुलगी एकेक पत्ता उलटा करून मांडते. चार, चार, चार, चार. मग आठ, आणि शेवटपर्यंत आठच.

"अगं, मग तू एवढा माल कशाला मागवत होतीस?" इंजिनिअर जवळजवळ ओरडतोच.

"तू वेळेवर पाठवलास का? मला वाटलं, दुप्पट मागितला तर निदान निम्मा तरी मिळेल."

गिऱ्हाईक एकदाच बदललं. बाकी सगळा गोंधळ या चौघांनी आपापल्या परीनं शहाणपणानं वागून घातला. संशोधक जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली या खेळाच्या निकालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गटांचा सरासरी खर्च शक्य तितक्या कमी खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता. मॅडम हे सांगतात तेव्हा मुलं आपल्या बेरजा पुन्हा तपासतात. पुरवठ्याच्या साखळीत मागणीचा असा चाबूक उडतो, त्याला व्यवस्थापनात बुलव्हिप परिणाम म्हणतात. पुस्तकात तो अर्ध्या पानात संपतो.

चर्चा इंग्रजीत सुरू होते आणि चार-पाच जणांतच फिरत राहते. मॅडमच्या ते लक्षात येतं. "ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोला," त्या म्हणतात. आणि निफाडचा मुलगा, जो कालपासून गप्प आहे, तो उभा राहतो. "मॅडम, कांद्याचं हेच होतं. लासलगावला भाव चढला की सगळे लावतात. पीक हातात यायला महिने लागतात. तोवर सगळ्यांचाच कांदा एकदम बाजारात." फार्मसीचा मुलगा लगेच विचारतो की साठवणूक असली तर फरक पडेल का. लातूरची मुलगी सांगते की साठा कुणाकडे किती आहे ते सगळ्यांना दिसलं तर पडेल. तास संपला का, असं कुणी विचारत नाही.

मुक्कामाचं महत्त्व मला इथे पटतं. शहरात असती तर ही मुलं आता बस पकडायला पळाली असती. इथे रात्री मेसमध्ये पिठलं-भाकरीच्या ताटाशेजारी वही उघडी आहे आणि चौघं पुन्हा खेळतायत, या वेळी बोलत. आकडे दहा-बाराच्या पुढे जात नाहीत.

नव्या तुकडीचं वेळापत्रक आखणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. स्वागताची भाषणं निम्मी करा, हा खेळ ठेवा, आणि त्यानंतरची संध्याकाळ मोकळी सोडा.