लिंकनच्या बायकोवरचा खटला

अब्राहम लिंकनला गोळी लागली तेव्हा त्याच्या शेजारी त्याची बायको मेरी बसली होती. १४ एप्रिल १८६५, फोर्ड्स थिएटर. आपल्यासाठी तिची गोष्ट तिथेच संपते. पण मेरी त्यानंतर १७ वर्षं जगली, आणि आजचा भाग त्यातल्या एका दिवसाबद्दल आहे. १९ मे १८७५.

त्या दिवशी शिकागोतल्या तिच्या हॉटेलवर लिंकनचा जुना वकील मित्र लिओनार्ड स्वेट आला आणि तिला कोर्टात घेऊन गेला. तोपर्यंत तिला कशाचीच कल्पना नव्हती. दावा असा होता की मेरीचं डोकं ठिकाणावर नाही. दावा करणारा कोण? तिचा थोरला मुलगा रॉबर्ट. चार मुलांतला हा एकटाच उरला होता. एडी लहानपणीच गेला, विली १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये टायफॉइडने गेला आणि टॅड १८७१ मध्ये, १८ वर्षांचा असताना.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे कडवटच. इलिनॉय राज्यात १८६७ पासून नियम होता की ज्युरीसमोर सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं नाही. हा नियम एलिझाबेथ पॅकार्ड नावाच्या बाईने लढून आणला होता, कारण तिला तिच्या नवऱ्याने नुसत्या स्वतःच्या शब्दावर आत टाकलं होतं. म्हणजे सिस्टिममध्ये सेफ्टी चेक होता. आणि मेरीच्या वेळी तो चेक रीतसर रनही झाला! फक्त इनपुट एकाच बाजूचा होता.

रॉबर्टकडून सतराएक साक्षीदार आले. हॉटेलचे नोकर, दुकानदार, डॉक्टर. यातल्या बऱ्याच डॉक्टरांनी मेरीला तपासलंच नव्हतं, रॉबर्टने सांगितलं त्यावरून मत दिलं. मेरीचा वकीलही रॉबर्टच्या बाजूच्यांनीच ठरवलेला. त्याने तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा केला नाही. बारा पुरुषांच्या ज्युरीने काही मिनिटांत निकाल दिला : वेडी. तिच्या पैशांचा कारभार रॉबर्टकडे गेला आणि तिची रवानगी बटाव्हिया गावच्या बेलव्ह्यू प्लेस या खासगी इस्पितळात झाली.

रॉबर्टला सरळ व्हिलन ठरवावं असं मला वाटत नाही. राहायला घर नाही, तरी आई पडदे विकत घेतेय. हजारो डॉलर्सचे रोखे कपड्यांत शिवून फिरतेय. फ्लोरिडात असताना तिला अचानक वाटलं की रॉबर्ट मरायला टेकलाय, म्हणून ती धावत शिकागोला आली, तर हा ठणठणीत. मुलगा घाबरणारच ना. पण तीन मुलं आणि नवरा गमावलेल्या बाईने उरलेल्या मुलासाठी घाबरणं, हे मला तरी वेडापेक्षा दुःख जास्त वाटतं. तिला नक्की काय झालं होतं यावर डॉक्टर आणि इतिहासकार आजही भांडतायत.

मेरी मात्र आत गप्प बसली नाही. तिने मायरा ब्रॅडवेलशी संपर्क साधला. मायरा वकिलीची परीक्षा पास झालेली, पण बाई म्हणून तिला सनद नाकारलेली. ती नाकारण्यात चूक काही नाही, असं १८७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही म्हटलं होतं. तरी ही बाई ‘शिकागो लीगल न्यूज’ नावाचं कायद्याचं साप्ताहिक चालवायची! तिने इस्पितळात खेपा घातल्या, एका पत्रकाराला मेरीशी भेटवलं, पेपरांत आवाज उठवला. चार महिन्यांच्या आत, सप्टेंबरमध्ये, मेरी बाहेर पडून स्प्रिंगफील्डला बहिणीकडे राहायला गेली. जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने तिला शहाणी ठरवलं आणि पैसे परत तिच्या हातात आले.

मग तिने रॉबर्टला सणसणीत पत्र लिहून आपल्या वस्तू परत मागितल्या आणि थेट फ्रान्स गाठलं. पॉ नावाच्या गावी ती चारेक वर्षं एकटी राहिली. परतली ती तब्येत ढासळल्यावर. १८८१ मध्ये रॉबर्ट नातीला घेऊन भेटायला आला, तेव्हा कुठे अबोला सुटला.

१६ जुलै १८८२ ला ती गेली, बहिणीच्या घरी. १८४२ मध्ये लिंकनशी तिचं लग्न लागलं होतं, तेही याच घरात.