‘कर्णधार’ शब्दाचे लिंग आणि एलिझा नेल्सन

१ डिसेंबर १९८२ या दिवशी दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांच्या हॉकीचा अंतिम सामना झाला व पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला. ‘त्या वर्षी भारत हॉकीत हरला’ हे वाक्य तेव्हापासून आपल्या बोलण्यात रूढ होऊन बसले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. वस्तुस्थितीशी मात्र त्याचा मेळ बसत नाही. कारण त्याच स्पर्धेत, त्याच शहरात भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकलेही होते. जिंकणारा संघ स्त्रियांचा होता, आणि एलिझा नेल्सन या त्याच्या कर्णधार होत्या. एक विधान एकाच वेळी खरे आणि खोटे कसे ठरते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांची कारकीर्द. एलिझा नेल्सन यांचा जन्म १९५६ साली पुण्यात झाला. १९८० साली मॉस्को येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या हॉकीस प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या भारतीय संघात त्या होत्या. सहा संघ प्रत्येकी पाच सामने खेळले. भारताने ऑस्ट्रिया व पोलंड यांस हरविले, झिंबाब्वेशी बरोबरी साधली आणि चेकोस्लोव्हाकिया व सोव्हिएत संघ यांच्याकडून हार पत्करली. गुण झाले पाच. कांस्यपदक मिळविणाऱ्या सोव्हिएत संघाचे सहा. म्हणजे पदक एका गुणाने हुकले. सुवर्णपदक जिंकले ते झिंबाब्वेने, ज्या संघाशी आपली बरोबरी झाली होती! दोनच वर्षांनी आशियाई स्पर्धांत स्त्री-हॉकीचा समावेश प्रथमच झाला आणि पहिल्याच प्रयत्नात भारताने सुवर्णपदक मिळविले. १९८३ साली नेल्सन यांस ‘पद्मश्री’ देण्यात आली. अर्जुन पुरस्काराच्याही त्या मानकरी आहेत. त्या सुवर्णपदकाची पुनरावृत्ती २०२३ साली झालेल्या हांगचौ स्पर्धांपर्यंत तरी झालेली नाही, हे येथे नोंदविले पाहिजे.

मॉस्कोच्या संघातील नावे नामविचाराच्या अभ्यासकाने एकदा चाळून पाहावीत: नेल्सन, डिसिल्वा, फर्नांडिस, तोस्कानो, बागली, मद्रासवाला, मुंडफन. नावावरून घराणे ठरविणे हा धोक्याचा मार्ग खरा. तथापि मुलीने मैदानावर धावण्यास ज्या समाजांत आडकाठी कमी होती, त्यांचा ठसा या यादीवर दिसतो. स्त्री-हॉकीतील पहिला अर्जुन पुरस्कारही १९६१ साली ॲन लम्सडेन यांस मिळाला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्रुबेत्स्कोय याने ध्वनिविचारात मांडलेली आणि याकोबसनने व्याकरणापर्यंत नेलेली चिन्हितत्वाची कल्पना वाचकांस परिचित आहेच. जोडीतील एक पद अचिन्हित असते. ते स्वतःपुरतेही वापरता येते आणि सबंध जोडीसाठीही. दुसऱ्यास विशेषण लावावे लागते. ‘हॉकी’ म्हणजे पुरुषांची हॉकी. स्त्रियांची असेल तर ‘महिला हॉकी’. ‘भारत हॉकीत हरला’ यातील ‘हॉकी’ अशी अचिन्हित आहे, म्हणून वाक्य खोटे वाटत नाही.

परंतु अचिन्हित पद पुल्लिंगीच असले पाहिजे, असा भाषेचा नियम नाही. गोदाकाठच्या आमच्या पाथरी परिसरातील शेतकरी ‘म्हशी चरायला सोडल्या’ म्हणतो, तेव्हा कळपात एखादा रेडा असला तरी त्याचा वेगळा उल्लेख तो करीत नाही. येथे स्त्रीलिंगी पद सर्वांस पुरते, कारण दूध म्हशीचे असते. कोणते पद अचिन्हित ठरावे, हे व्याकरणापेक्षा व्यवहार ठरवितो. हॉकीच्या बाबतीत तो व्यवहार १९८२ साली बदलू शकला असता, बदलला नाही.

‘कर्णधार’ या शब्दाची गंमत याहून सूक्ष्म आहे. ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. शब्द संस्कृतातून पुल्लिंगी म्हणून आला. आज आपण ‘संघाची कर्णधार परतली’ असे सहज लिहितो, म्हणजे अन्वयाने तो स्त्रीलिंगी झाला. परंतु विभक्ती लागताच ‘कर्णधाराने चेंडू अडविला’ असे पुल्लिंगी सामान्यरूप पुढे येते, आणि कर्मणी रचनेत क्रियापद कर्माशी जुळत असल्यामुळे कर्ता स्त्री आहे की पुरुष याचा मागमूसही उरत नाही. जो शब्द अन्वयात स्त्रीलिंगी व रूपसिद्धीत पुल्लिंगी, त्याला कोशात कोणते लिंग द्यावे? ‘खेळाडू’ शब्दास ही अडचण नाही. ‘खेळाडूने’ हे दोघांसही चालते. ‘लेखिका’, ‘प्राध्यापिका’ यांच्या धर्तीवर ‘कर्णधारीण’ घडविता येईल, पण ते कोणाच्या तोंडी बसेल असे मला वाटत नाही. माझ्या मते शब्द उभयलिंगी मानून स्त्रीवाचक प्रयोगही उदाहरणादाखल द्यावा, हे बरे.

स्त्री-खेळाडूंस ‘मुली’ म्हणण्याची रीत हाही असाच विषय आहे. सुवर्णपदकाच्या वेळी नेल्सन २६ वर्षांच्या होत्या. त्याच वयाच्या पुरुषांच्या संघास छापील मजकुरात ‘मुले’ म्हटलेले क्वचितच आढळते.

२००७ साली स्त्री-हॉकीवर ‘चक दे! इंडिया’ हा हिंदी चित्रपट आला. त्याची प्रेरणा २००२ साली मँचेस्टर येथे राष्ट्रकुल स्पर्धांत भारतीय स्त्रियांनी मिळविलेल्या सुवर्णपदकाची. पण कथेच्या मध्यभागी आहे तो एक पुरुष प्रशिक्षक, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या अपमानाचे साम्य अनेकांनी जोडले ते मीररंजन नेगी यांच्या अनुभवाशी. नेगी हे १९८२ च्या त्या ७-१ सामन्यातील भारताचे गोलरक्षक.