राष्ट्रीय उद्यान म्हणजे बाग नव्हे

मुंबई महानगराच्या उत्तरेस, बोरिवलीपासून ठाण्यातील येऊरपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे उपनगरवासीयांचे हक्काचे विरंगुळ्याचे ठिकाण. भल्या सकाळी फेरफटका मारणारे, सायकलस्वार आणि सुटीच्या दिवशी डबे घेऊन येणारी कुटुंबे यांनी प्रवेशद्वाराजवळचा परिसर गजबजतो. मात्र 'उद्यान' या शब्दामुळे अनेकांचा गैरसमज होतो. बाग माणसांसाठी फुलवली जाते, तर राष्ट्रीय उद्यान वन्यजीवांसाठी राखलेले असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार येथे गुरे चारण्यासही मनाई आहे.

सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या वनक्षेत्राचा लहानसा भागच सर्वसामान्य पर्यटकांसाठी खुला आहे. गांधी टेकडी आणि कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता त्यातच येतो. शिलोंडासारख्या निसर्गवाटेवर पाऊल ठेवायचे तर वन विभागाची परवानगी हवी.

या निर्बंधांमागे सबळ कारणे आहेत. पहिले कारण पाण्याचे. मुंबईला पाणी पुरविणारे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव या जंगलातच आहेत. डोंगरउतारावरील झाडी पावसाचे पाणी जमिनीत मुरवते आणि माती धरून ठेवते. तुळशीचे जादा पाणी विहारमध्ये येते आणि विहार भरून वाहू लागला की ते मिठी नदीला मिळते. हे मोल पूर्वीच्यांनाही ठाऊक होते. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपैकी अनेकांच्या दाराशी कातळात खोदलेली टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. पावसाळ्यात साठवलेल्या याच पाण्यावर भिक्षूंचा वर्षभराचा निर्वाह चाले.

दुसरे कारण बिबट्याचे. २०१५ मधील कॅमेऱ्यांच्या साह्याने झालेल्या गणनेत उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे आढळले. जंगलात चितळ, सांबर असे भक्ष्य असले तरी वस्तीलगतचा कचरा भटक्या कुत्र्यांना पोसतो आणि कुत्र्यांमागोमाग बिबट्या येतो. २००४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे बळी गेले. अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडण्याच्या प्रथेवर तेव्हा अभ्यासकांनी बोट ठेवले होते. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी अधिक धोकादायक ठरू शकतो. त्यामुळे पिंजरा लावण्यापेक्षा कचरा उचलणे, पाड्यांवर व वस्त्यांत पुरेसे दिवे आणि शौचालये असणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे, हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात.

या पार्श्वभूमीवर पर्यटकाचे वर्तन ही क्षुल्लक बाब राहत नाही. माकडांना घातलेले खाद्य त्यांना हिसकावून घेण्याची सवय लावते. टाकून दिलेले अन्न कुत्र्यांना बोलावते. उन्हाळ्यात फेकलेली एखादी जळती विडी वाळलेल्या पाचोळ्याला आग लावू शकते. मळलेली वाट सोडून चालणाऱ्यांमुळे नवी पायवाट पडते आणि पावसाळ्यात त्याच वाटेने माती वाहून जाते.

फिरण्यासाठी मोकळी जागा हवी, ही उपनगरांतील नागरिकांची मागणी रास्तच आहे. तथापि ती गरज भागवण्याचे काम प्रत्येक प्रभागातील बागांनी आणि मैदानांनी करायला हवे. त्या जागा आक्रसत गेल्या, की सारा भार जंगलावर पडतो. राष्ट्रीय उद्यान वाचवायचे असेल, तर घराजवळचे मैदान आधी राखावे लागेल.