सोलर तापलाय, मग नळ गार का?

नगर रस्त्याने वाघोलीत आलात की इमारतीमागून इमारत दिसते आणि कित्येक गच्च्यांवर सोलरच्या काळ्या नळ्यांच्या रांगा. वाघोली २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली, पण इथल्या सोसायट्यांची आंघोळ त्याआधीपासूनच सूर्यावर आहे. तरी ऐन डिसेंबरात नळाला गार पाणी येतं आणि खापर फुटतं ढगांवर. बहुतेक वेळा पाणी वर छान तापलेलं असतं. अडतं ते वाटेत.

पंप नाही, तरी पाणी फिरतं
तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. नळ्या खाली आणि टाकी वर, ती याचसाठी. अमेरिकेत कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९मध्ये टाकी वेगळी करून तिला उष्णतारोधक आवरण घातलं, त्यामुळे रात्रीही पाणी गरम राहू लागलं. त्यांच्या कंपनीचं नावच होतं ‘डे अँड नाइट’.

आजीच्या बंबातही हेच
तांब्याच्या बंबात गार पाणी वरच्या नरसाळ्यातून ओतलं, तरी ते आतल्या नळीने थेट तळाशी जायचं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर ढकललं जायचं. सोलरच्या टाकीतही गार पाणी खालून येतं, गरम वरून निघतं. म्हणून टाकीत गार पाणी भरणं थांबलं, तर आत गरम पाणी असूनही ते नळापर्यंत पोचत नाही.

चंदेरी बूड बघा
काचेची नळी दुहेरी असते आणि दोन भिंतींच्या मध्ये निर्वात पोकळी. बंद टोकाशी आरशासारखा चकाकणारा थर दिसतो, तो बेरियम धातूचा. पोकळीत हवा शिरली की हा थर पांढरट, दुधी होतो. नळी अख्खी दिसत असली तरी ती कामातून गेली, असं समजावं. धड नळी भर उन्हातही बाहेरून फारशी तापत नाही. उष्णता आतच कोंडलेली असते.

टँकर दुपारी आला तर थांबा
टाकी रिकामी पडली की कोरड्या नळ्या उन्हात उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढे तापतात. त्यात गार पाणी सोडलं की काच तडकलीच. सोलर पुन्हा भरायचा तो सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी. वाघोलीत टँकरची वेळ आपल्या हातात नसते, सोलरचा व्हॉल्व्ह मात्र असतो.

सगळ्यात वरच्या मजल्याला हवेचा त्रास
पाणी जाऊन परत आलं की पाइपात हवा शिरते आणि एखाद्या उंचवट्यावर अडकून बसते. खालच्या मजल्यांना उंचीचा दाब मिळतो, तो हवेला रेटतो. वरच्यांच्या डोक्यावर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर, त्यामुळे दाब तोकडा. गरम पाण्याचे नळ थोडा वेळ उघडे ठेवले की बऱ्याचदा फुरफुरत हवा निघून जाते. पुन्हा पुन्हा होत असेल, तर गच्चीवरचा व्हेंट पाइप तुंबलाय का, ते पाहावं.

लंडनच्या मराठी घरातलं दुखणंही तेच
तिथे बॉयलरचं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं. रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा. छोट्या किल्लीने ती सोडतात, पाण्याचा थेंब दिसला की बंद. खालून गार असेल तर तळाला लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ. नुसता हात फिरवून निदान होतं.

एक मिक्सर, अख्खी लाइन गार
बाथरूममधल्या मिक्सरचे गरम-गार दोन्ही नळ उघडे ठेवून पुढे हँड शॉवर बंद केला, की जास्त दाबाचं गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि शेजारच्यांकडेही पोचतं. तपासणी सोपी आहे. घरात येणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम नळ उघडा. साचलेलं पाणी गेल्यावरही धार सुरूच राहिली, तर गार पाणी तुमच्याच घरातून घुसतंय. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की प्रश्न मिटतो.

पहिली बादली कुठे जाते?
एक इंची पाइपात दर मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. तीस मीटर अंतर असेल, तर रात्रभर गार झालेलं पंधरा लिटर पाणी आधी बाहेर पडणार. पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत ते मोरीत सोडणं परवडत नाही. ती बादली फरशीला, भांड्यांना वापरावी. कायमचा इलाज म्हणजे रिटर्न लाइन आणि टायमरवरचा छोटा पंप.

क्षारांचा पांढरा थर
बोअरचं जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन पाइपात आणि शॉवरच्या भोकांत बसतो. शॉवर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की तो सुटतो. टाकी आणि लाइनची सफाई मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी.

सूर्य किती वाचवतो?
शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला विजेची सुमारे पावणेपाच युनिटं लागतात. शिवाय सोलर चालू असेल तर महापालिका मिळकत करात ५ टक्के सवलत देते.

प्लंबरला फोन लावण्याआधी एवढंच विचारा: एकाच नळाला गार येतंय, अख्ख्या घरात की अख्ख्या विंगमध्ये? एक नळ असेल तर क्षार किंवा मिक्सर, घर असेल तर हवा किंवा घुसलेलं गार पाणी, विंग असेल तर आधी शेजाऱ्यांचे मिक्सर आणि मग गच्ची. उत्तर घेऊन फोन केलात, तर प्लंबर नेमक्या जागी हात घालेल.